आमची वाटचाल : छापखान्यातून वर्गात

गोव्यातील फोंड्यात आमचा व्यवसाय मूळचा डीटीपी आणि छपाईचा. लग्नपत्रिका, जत्रांची हँडबिले आणि पावतीपुस्तके यांच्या जोडीला शाळांच्या वार्षिकांकांचे काम येत असे, आणि अक्षरजुळणी करताना मुलांचे लेख शब्दन्‌शब्द वाचावे लागत. डिचोलीच्या अंकातील ‘पावसाळ्यातील एक दिवस’ सत्तरीच्या अंकात छापला गेला असता, तरी कोणाच्या लक्षात आले नसते. माझ्या भागीदार पूर्वी प्राथमिक शाळेत शिकवत असत. त्यांचे म्हणणे असे की यात मुलांचा दोष नाही, डी. एड. झाल्यानंतर ज्यांच्याकडून कोणी चार ओळी स्वतःच्या म्हणून लिहून घेतल्या नाहीत, ते शिक्षक मुलांकडून निबंधाच्या पुस्तकापलीकडचे काय लिहून घेणार? कोविडच्या आधी, छपाईचे काम चालू ठेवूनच, आम्ही शिक्षकांसाठी लेखन कार्यशाळेचे प्रशिक्षण सुरू केले.

ही पद्धत आमची नव्हे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील डोनाल्ड ग्रेव्ह्ज यांनी प्राथमिक वर्गांत बसून मुले प्रत्यक्षात कशी लिहितात याची निरीक्षणे केली, आणि त्यातून विषयाची निवड मुलाकडे सोपवणारी, खर्डा, चर्चा आणि पुनर्लेखन या क्रमाने जाणारी रीत रुजली. त्याआधी १९७४ मध्ये बर्कली येथे जेम्स ग्रे यांनी शिक्षकांसाठी सुरू केलेल्या उपक्रमाची दोन सूत्रे होती : लेखन शिकवणाऱ्याने स्वतः लिहिले पाहिजे, आणि शिक्षकाला शिकवण्यास अनुभवी शिक्षकच योग्य. ही दोन्ही सूत्रे आम्ही जशीच्या तशी घेतली, म्हणूनच आमचे सर्व प्रशिक्षक वर्गात शिकवलेले आहेत आणि मी स्वतः वर्गासमोर उभा राहत नाही.

चाळीस मिनिटांच्या तासिकेची आमची विभागणी साधी आहे. पहिली आठ-दहा मिनिटे शिक्षक एकच गोष्ट दाखवतात, उदाहरणार्थ संवाद कसा लिहावा, आणि तीही फळ्यावर स्वतःचा मजकूर लिहून, खोडून, पुन्हा लिहून. त्यानंतरची वीसेक मिनिटे मुले लिहितात व शिक्षक एकेका मुलाजवळ बसून विचारतात, की पुढे काय झाले, तू तेव्हा कुठे होतास, हे मला दिसत नाही, जरा सांग. शेवटी दोन-तीन मुले वाचून दाखवतात. ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हे पाहायची ती पक्क्या प्रतीच्या वेळी. प्रशिक्षणातील सर्वांत अवघड भाग म्हणजे त्या वीस मिनिटांत शिक्षकाच्या हातातील लाल पेन खाली ठेवायला लावणे. एक सत्र त्यावरच खर्च होते आणि ते मला मुळीच वाया गेलेले वाटत नाही.

न तपासलेली वही घरी गेली की पालक शाळेत येतात. यावर उपाय मात्र छापखान्यातून निघाला. ‘पहिला खर्डा’ आणि ‘पक्की प्रत’ असे दोन रबरी शिक्के आम्ही प्रत्येक वर्गाला देऊ लागलो. शिक्का पाहिला की पालकांचे समाधान होते. आपल्याकडे शिक्क्याला असलेला मान अशा ठिकाणी कामी येतो.

गोव्याच्या ग्रामीण भागातील अनेक सरकारी प्राथमिक शाळांची पटसंख्या इतकी कमी असते की एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळतो. अशा वर्गात ही पद्धत उलट अधिक सोयीची ठरते, कारण प्रत्येक मूल आपापल्या विषयावर आपल्या कुवतीप्रमाणे लिहीत असते. खरा प्रश्न भाषेचा येतो. मुलांच्या घरी कोंकणी आणि वहीत मराठी, त्यामुळे चतुर्थीला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या रानफळा-फुलांच्या सजावटीसाठी, रानातून काय काय आणले किंवा बोंडू, म्हणजे काजूची फळे, तुडवताना काय गंमत झाली, हे लिहिताना घरचे शब्द येणारच. खर्ड्यात ते राहू द्यावेत, आणि पात्रांच्या तोंडी असतील तर पक्क्या प्रतीतही ठेवावेत, असे आम्ही सांगतो. काजूच्या दारूच्या भट्टीवर लिहिलेला लेख वार्षिकांकात घ्यावा की नाही, यावर मात्र शिक्षकांत दर वेळी वाद होतो. माझे मत घ्यावा असेच आहे. ज्या घरात वसंत ऋतू म्हणजे काजूचा हंगाम, तेथील मुलाने कोकिळेवरच का लिहावे?

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा छपाई व प्रशिक्षण दोन्ही थांबले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावे अशी अपेक्षा नोंदवली गेली, आणि शाळा पुन्हा भरल्यावर व्यवस्थापनांकडून विचारणा वाढली. बहुतेकांना सभागृहात शंभर शिक्षक बसवून एका दिवसात आटोपणारे शिबिर हवे असते. त्यात पैसा बरा मिळतो, तरी ते काम आम्ही घेत नाही, कारण शिक्षकाच्या वर्गात आमच्या प्रशिक्षकाने अधूनमधून बसल्याशिवाय पद्धत टिकत नाही. याचा परिणाम ताळेबंदावर दिसतो. आजही दुकानाचे भाडे छपाईतूनच निघते.

कोंकणी माध्यमाच्या शाळांचीही मागणी आहे आणि त्यासाठी कोंकणीत लिहिणाऱ्या निवृत्त शिक्षिका आम्हाला जोडल्या गेल्या आहेत. नव्या शाळेशी करार करताना आमची अट एकच असते, की मुख्याध्यापकांनीही पहिल्या सत्रात शिक्षकांबरोबर बसून लिहावे आणि लिहिलेले वाचून दाखवावे. काही करार या अटीवरच अडतात.