सहा जण उभे राहिले आणि एकही उरला नाही

कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो शहराच्या आसपास राहणारे आम्ही राज्य सिनेटच्या, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाच्या, चौथ्या मतदारसंघात येतो. इकडे बदामाच्या बागा, तिकडे थेट सिएरा नेवाडाचे डोंगर. इथला कल रिपब्लिकन पक्षाकडे, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी नोव्हेंबर 2022 मध्ये या जागेसाठी मतपत्रिकेवर दोनच नावं होती आणि दोन्ही डेमोक्रॅट. असं कसं झालं, हे इथली मराठी मंडळी अजून विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी जून 2010 मध्ये प्रपोझिशन 14 हा थेट मतदानाला आलेला प्रस्ताव मंजूर केला. तेव्हापासून असेंब्ली (राज्याचं खालचं सभागृह), सिनेट आणि काँग्रेस (देशाची संसद) यांच्या प्रायमरीत, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीआधीच्या पहिल्या फेरीत, पक्षागणिक वेगळी मतपत्रिका नसते. सगळे उमेदवार एकाच यादीत, नावासोबत त्यांचा पक्ष, आणि कोणीही कोणालाही मत द्यावं. पहिले दोघं नोव्हेंबरला जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. नोव्हेंबरला तिसरं नाव हाताने लिहून द्यायचीही सोय नाही.

7 जून 2022 च्या प्रायमरीत आमच्याकडे सहा रिपब्लिकन आणि दोन डेमोक्रॅट होते. सहाही रिपब्लिकनांची बेरीज केली तर निम्म्याहून बरीच वर जाते, पण ती मतं फुटली. काँग्रेसमध्ये अनेक वर्षं काढलेले जॉर्ज राडानोविच यांच्यासारखं ओळखीचं नावही मागे पडलं आणि टिम रॉबर्टसन व मारी अल्वराडो-गिल हे दोघं डेमोक्रॅट पुढे गेले. बंडखोरीमुळे हातची जागा गेल्याचं महाराष्ट्रात आपण दर निवडणुकीत बघतो. पण तिथे अधिकृत उमेदवार कोण, हे निदान चिन्हावरून कळतं. इथे पक्षाने एकाच्या पाठीवर हात ठेवला तरी मतपत्रिकेवर सहाही जणांच्या नावाखाली तेच ‘रिपब्लिकन’.

आमच्या शेजारच्या आजोबांचा जन्म बदामाच्या शेतीत गेला. त्या ऑक्टोबरात टपालाने आलेली मतपत्रिका घेऊन ते आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसले होते. काळ्या पेनने एकेक गोल नीट भरत होते. सिनेटच्या रकान्यापाशी थांबले, दोन्ही नावं वाचली आणि रकाना कोराच सोडून पुढे गेले. मग पाकिटावर सही केली. मी डेमोक्रॅट पक्षाला मत देते, त्या दिवशी फायदा माझ्याच बाजूचा होता. तरी मला ते बघवलं नाही. ज्यांची संख्या जास्त, त्यांनाच निवडायला माणूस नाही, ही कसली निवड?

या पद्धतीची चांगली बाजूही मी नाकारत नाही. 2012 मध्ये असेंब्लीच्या दहाव्या मतदारसंघात मार्क लेव्हिन यांनी आपल्याच डेमोक्रॅट पक्षाचे विद्यमान सदस्य मायकेल ॲलन यांना हरवलं. जुन्या पद्धतीत तिथल्या रिपब्लिकन मतदाराला नोव्हेंबरात कोणी विचारलंही नसतं. नव्या पद्धतीत दोन्ही उमेदवारांना त्याचं दार वाजवावं लागलं.

आमच्याकडे नोव्हेंबरला अल्वराडो-गिल जिंकल्या, आणि ऑगस्ट 2024 मध्ये त्यांनी रिपब्लिकन पक्षात प्रवेश केला. आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा इथे नाही, त्यामुळे जागा त्यांच्याकडेच राहिली. आता म्हणाल, शेवटी मतदारसंघाला हवा होता तोच पक्ष मिळाला की! मिळाला, पण मतदारांनी दिला म्हणून नव्हे. आणि त्यांना डेमोक्रॅट म्हणून निवडून देणाऱ्या माझ्यासारख्यांना कोणी काही विचारलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे: एकच यादी ठेवा, पण पुढे दोघांना नको, चौघांना जाऊ द्या. अलास्काने 2020 मध्ये हेच मंजूर केलं. तिथे चौघं नोव्हेंबरला जातात आणि मतदार पसंतीक्रम देतात, त्यामुळे मतं फुटली तरी वाया जात नाहीत. 2024 मध्ये ती पद्धत मोडीत काढायचा प्रस्ताव आला आणि थोडक्या मतांनी पडला. कॅलिफोर्नियात तशी सुधारणा आली, तर तिच्यासाठी घरोघर फिरायला मी तयार आहे, आणि पहिलं दार शेजारच्या आजोबांचं.