लाल ओळ

साठा गरजेपेक्षा जास्त दिसला की आमच्या स्टॉक रिपोर्टमध्ये ती ओळ लाल होते. एका ऑइल सीलची, म्हणजे तेलगळती रोखणाऱ्या रबरी कडीची, ओळ लाल होती, म्हणून मी त्याचा रिऑर्डर पॉइंट, म्हणजे साठा किती उरला की नवी ऑर्डर टाकायची तो आकडा, खाली आणला. तिसऱ्या महिन्यात असेंब्ली लाइन थांबली.

हिशेब माझाच होता. रोजचा खप 40 नग, सिस्टिममधला लीड टाइम (ऑर्डरपासून माल येईपर्यंतचा वेळ) 21 दिवस, म्हणजे 840. वर सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठीचा राखीव साठा, 200. एकूण 1,040. माझ्या आधी साठ्याचं नियोजन करणारे, आता निवृत्त झालेले प्लॅनर मात्र साठा 2,500 वर आला की ऑर्डर टाकायचे. मला तो जुन्या माणसाचा भित्रेपणा वाटला. अडकलेला पैसा मोकळा झाला म्हणून बैठकीत माझं कौतुकही झालं.

लाइन थांबली त्या संध्याकाळी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, त्या सीलचा साचा एकच आहे. ज्या प्रेसवर तो चढतो, तिथं दुसऱ्या गिऱ्हाइकांचेही साचे चालतात. आपला नंबर सहा आठवड्यांनी लागतो."

तेव्हा गणित सुटलं. पुरवठादाराचे 21 दिवस खरेच होते, पण ते साचा प्रेसवर चढल्यापासूनचे: मोल्डिंग, भट्टीतलं क्युअरिंग, कडा छाटणं, तपासणी, पॅकिंग. साचा उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑर्डर पोचली, तर आधी 42 दिवस नुसती वाट पाहायची. 63 दिवस गुणिले 40, म्हणजे 2,520. त्यांचा आकडा जवळजवळ तंतोतंत होता.

"मग हे कुठे लिहून का नाही ठेवलंत?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"ठेवलंय की. प्रत्येक पर्चेस ऑर्डरच्या, पीओच्या, रिमार्कमध्ये आहे. बघा ना."

रिमार्क नव्या सिस्टिममध्ये आलेच नव्हते. डेटा हलवताना फक्त आकड्यांचे रकाने आणायचे असं ठरलं होतं. सॉफ्टवेअरवाल्यांना डेटा स्वच्छ हवा होता, आणि मोकळा मजकूर त्यांच्या लेखी कचरा होता. त्या बैठकीत मी होतो आणि मीही मान डोलावली होती. जुन्या प्लॅनरनी जाताना दिलेल्या हँडओव्हर फाइलमध्ये पासवर्ड, फोन नंबर, रिपोर्टचे नमुने सगळं होतं. त्या फाइलचा नमुना आम्हीच दिलेला, आणि एखादा आकडा तेवढाच का, हे लिहायला त्यात जागाच नव्हती.

जुना बॅकअप उघडून मिळायला चार दिवस लागले. सीलच्या पीओवर लिहिलं होतं, 'साचा एक. सहा आठवडे. आधी फोन करणे.' प्रत्येक पीओवर, दरवेळी.

आता लीड टाइमच्या शेजारी 'कारण' हा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय आकडा बदलता येत नाही. आठवड्यातून दोन दुपारी ते येतात, आम्ही एकेक आयटम घेऊन बसतो. काही आयटम त्यांच्याही आधीच्या प्लॅनरचे आहेत, तिथं तेही गप्प होतात.

काल अशाच एका बेअरिंगची ओळ लाल दिसली. पुरवठादाराला फोन केलाय, त्यांच्या उत्पादन विभागातल्या माणसाशी अजून बोलणं झालेलं नाही. तोवर रिऑर्डर पॉइंट आहे तसाच ठेवलाय.