एमपीएचचं डेझर्टेशन आणि एका पत्रापायी गेलेले साडेतीन महिने – माझा अनुभव

मी बीएएमएस करून एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या मास्टर्स पदवीला आले. दोन वर्षांचा कोर्स. एन्ट्रन्स, ॲडमिशन, पहिल्या वर्षाचं बायोस्टॅट (आरोग्यातलं संख्याशास्त्र) सगळं नीट पार पडलं, त्यावर काही लिहीत नाही. जामखेडची फील्ड व्हिजिट मात्र मनात राहिली. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 साली सुरू केलेला गावपातळीवरच्या आरोग्याचा प्रकल्प, तिथल्या गावातल्या बायका आरोग्यावर ज्या ठामपणे बोलतात ते ऐकलं आणि तेव्हाच ठरवलं की डेझर्टेशन, म्हणजे पदवीसाठीचा संशोधन प्रबंध, करायचं तर गावात जाऊन.

विषय साधा होता. गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक अशी 180 दिवस लोहाची गोळी घ्यायची असते, गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि तरी एनएफएचएस-5 या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायका ॲनिमिक, म्हणजे रक्त कमी असलेल्या. गोळी घरात पोचते पण पोटात का जात नाही, एवढंच मला विचारायचं होतं. रक्त काढायचं नाही, औषध द्यायचं नाही, फक्त घरी बसून बोलायचं.

ऑगस्टच्या शेवटी सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) पास झाला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजच्या एथिक्स कमिटीकडे, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाला मान्यता देणाऱ्या समितीकडे, फाईल दिली, तर सांगितलं की जिथे अभ्यास करणार त्या जिल्ह्याच्या आरोग्य विभागाचं परवानगीपत्र जोडा, त्याशिवाय मीटिंगला ठेवता येणार नाही. ठीक आहे म्हणून मी एसटीने साडेपाच तास प्रवास करून त्या जिल्ह्याच्या ऑफिसला गेले. तिथे म्हणाले एथिक्स कमिटीचं पत्र कुठंय, ते आधी आणा मग साहेबांपुढे ठेवतो. मी परत पुण्याला. इकडे पुन्हा तेच, आधी त्यांचं आणा. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील, पण मधल्या विद्यार्थ्याने करायचं काय हे कुणीच सांगत नव्हतं, आणि कमिटीची मीटिंग दोन महिन्यांतून एकदा, म्हणजे एक चुकली की थेट पुढची.

ऑक्टोबरमध्ये मी त्या जिल्ह्याच्या ऑफिसला चार चकरा मारल्या. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये, एकदा फाईल टिपणीसाठी दुसऱ्या टेबलावर, आणि चौथ्यांदा तर माझा अर्जच सापडेना. मी पहिल्या वेळी अर्ज नुसता हातात देऊन आले होते. म्हणून सांगते, अर्ज दिला की आवक-जावकच्या टेबलावर नोंद करा, आपल्या कॉपीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या आणि तिथेच फोटो काढून ठेवा. त्या पोचेशिवाय तुमचा अर्ज कधी आलाच नव्हता असं समजा.

शेवटी मार्ग सांगितला तो त्या आवकच्या टेबलावरच्या मॅडमनीच. म्हणाल्या, "अगं, परवानगी मागू नकोस, अटीवर ना हरकत माग. लिही की एथिक्स कमिटीची मान्यता मिळाल्याशिवाय काम सुरू करणार नाही." तिथेच बाकावर बसून अर्ज परत लिहिला आणि आठ दिवसांत पत्र हातात! दोन महिने जे कुणी बोललं नाही ते एका वाक्यात सुटलं, मला बाहेर येऊन रडूच आलं.

नोव्हेंबरच्या मीटिंगला विषय गेला, दुरुस्त्या आल्या, मंजुरीचं पत्र डिसेंबरच्या मध्यावर. दुरुस्त्यांबद्दल मात्र माझी तक्रार नाही. माझ्या संमतीपत्रात 'सहभाग ऐच्छिक असून' वगैरे भाषा होती, कमिटीतल्या एका सामान्य नागरिक सदस्याने ते मोठ्याने वाचायला लावलं आणि विचारलं की हे गावातल्या बाईला कळेल का. मग मी लिहिलं, 'तुम्हाला वाटलं तरच उत्तर द्या, नाही दिलंत तरी दवाखान्यात तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही.' हे आधीच करा, आणि एखाद्या आशाताईंना वाचायला देऊन बघा. सही येत नसेल तर अंगठा आणि सोबत साक्षीदार लागतो, त्याची जागा फॉर्मवर ठेवा.

पण त्या उशिराची किंमत पुढे कळली. सॅम्पल साईज, म्हणजे किती बायकांशी बोलायचं तो आकडा, 4pq/l² या सूत्राने काढली होती, p म्हणजे अंदाजे प्रमाण 50 टक्के, q उरलेलं आणि l म्हणजे चालणारी चूक 7 टक्के धरून 204. सप्टेंबरात गटप्रवर्तक ताई (आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या) म्हणाल्या होत्या की एवढ्या गरोदर माता आमच्या एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, सहज मिळतील. मी पोचले जानेवारीत. दिवाळीनंतर अर्धी गावं ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गेलेली, घरांना कुलपं. ज्या बायकांबद्दल मला नेमकं जाणून घ्यायचं होतं त्याच निघून गेल्या होत्या, त्यातल्या कितीतरी तिकडेच बाळंत झाल्या असतील. दुसरं पीएचसी घ्यावं लागलं, त्यासाठी परत कमिटीकडे अमेंडमेंट (मंजूर आराखड्यातला बदल), परत तीन आठवडे. म्हणून अर्जात एका पीएचसीचं नाव टाकू नका, 'तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रे' असं लिहा.

दुसऱ्या पीएचसीत एका घरी सातव्या महिन्याची मुलगी होती, वीस वर्षांची. गोळ्यांचं विचारलं तर तिने डाळीचा डबा काढला, तळाशी चार अख्ख्या स्ट्रिप. "उलटी होते ताई, पण सरकारने दिल्यात म्हणून टाकवत नाहीत." उपाशीपोटी घेतेस का विचारलं तर हो म्हणाली, चहासोबत. चहाने लोह नीट लागत नाही आणि मळमळ होत असेल तर जेवणानंतर घे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. असं डब्यात गोळ्या ठेवणाऱ्या पुढे अजून भेटल्या.

आणि हो, गाईडची सही असलेल्या तीन-चार कव्हरिंग लेटरच्या प्रती कायम बॅगेत ठेवा, मी एका सहीसाठी एक अख्खी चकर वाया घालवली आहे.