तारीख उलटली, कळा नाहीत

आज धाकटीला घेऊन रत्नागिरीत. पहिलं सिझेरियन, यावेळी नॉर्मल हवंय. आई म्हणाली, "एक गोळी ठेवा नि मोकळी करा हिला!" डॉक्टरीणबाईंनी हातच जोडले. जुने टाके असताना मिसोप्रोस्टॉल, म्हणजे कळा आणायची ती गोळी, नाही; गर्भपिशवी फाटायची भीती. कळा आपोआप आल्या तरी हा धोका साधारण २०० जणींत एकीला. आणवल्या की वाढतो. म्हणून आधी फोलीचा फुगा. लघवीची नळी असते तीच, आत पाण्याने फुगवतात, पिशवीचं तोंड हळूहळू उघडतं. लागलंच तर ऑक्सिटोसिन, कळा आणायचं औषध, तेही जपून. बाळाच्या ठोक्यांवर सतत नजर, ऑपरेशन थिएटर तयार. आमच्या गावात हे कुठलं व्हायला! धाकटी निवांत आंबोळी खातेय. आई फोनवर जावयाला अजून गोळीचंच सांगतेय.