स्वेल अपडेट: पाणी मुरलंच नाही, आणि काकांनी अख्खं डिझाइन फिरवलं

मागच्या वेळी लिहिलं होतं ना की पहिल्या पावसात स्वेल (पाणी अडवून मुरवायला उताराला आडवा खणलेला चर) भरली आणि तासाभरात सगळं पाणी पोटात घेतलं, ते वाक्य मागे घेते. आज सहावा दिवस आहे आणि ४० मीटरच्या स्वेलमध्ये पाणी जसंच्या तसं उभं आहे, वर हिरवट साय धरून राहिली. खालच्या अंगाच्या ११ संत्र्यांपैकी ४ पिवळी पडली. कलमं जंबेरी खुंटावरची (ज्या झाडाच्या मुळांवर कलम बांधतात तो खुंट) आहेत, नर्सरीवाल्याने रंगपूर लिंबाची म्हणून विकली होती, आणि जंबेरीच्या मुळांना असं साचलेलं पाणी म्हणजे डिंक्याला, मूळ-खोड कुजवणाऱ्या रोगाला, आवतणच. खुंट विचारून नाही, बघून घ्या.

दोन रात्री याच्यावरच डोकं लावलं. माझी इन्फिल्ट्रेशन टेस्ट, म्हणजे पाणी किती वेगाने मुरतं ते बघायची चाचणी, मे मधली. फूटभर खड्डा, दोनदा पाणी भरलं, दोन्ही वेळा भराभर गेलं, वहीत मोठ्ठं "उत्तम" लिहून ठेवलं. पण मे मध्ये आमच्या नागपूरच्या उमरेड रोडच्या काळ्या जमिनीत हात जाईल एवढ्या भेगा असतात! पाणी मुरत नव्हतंच, भेगांतून खाली पळत होतं. पहिल्या पावसातही तेच झालं, नंतर माती फुगली, भेगा मिटल्या आणि आता तळ घोटलेल्या सिमेंटसारखा झालाय. आपल्या काळीतली चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, हे मला पाठ होतं, पण टेस्ट कोणत्या महिन्यात करायची हा विचारच डोक्यात आला नाही. काळी जमीन असणाऱ्यांनी टेस्ट मृगानंतर, माती पूर्ण फुगल्यावर करा, कळकळीने सांगते.

शेजारच्या वावरातले काका धुऱ्यावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "काहून वो बाई, पाणी कोंडून काहून ठेवलं? काळीत पाणी चालवा लागते, हळूहळू." मी त्यांना कंटूर (एकाच उंचीची समपातळी रेषा) समजावून सांगायला गेले आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की रुंद वरंबा-सरीची पद्धत हेच तर करते! हैदराबादजवळ पटानचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने ती काळ्या जमिनीसाठीच बसवली, आणि सऱ्यांना साधारण अर्धा टक्का उतार देतात. आपल्या ७२ तासांच्या पर्माकल्चर (निसर्गाच्या धर्तीवरची शेती) कोर्समधले स्वेलचे बहुतेक फोटो ऑस्ट्रेलियातले, त्यामुळे स्वेल टोकापासून टोकापर्यंत अगदी लेव्हलच हवी हेच माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. कोर्स चांगलाच आहे, पण माती आपली आहे.

हिशोबही आत्ता नीट केला. अर्ध्या एकरावर ५० मिमी पाऊस म्हणजे जवळपास १ लाख लिटर पाणी, आणि माझ्या स्वेलमध्ये मावते जेमतेम १२ हजार. म्हणजे बाकीच्या पाण्याला वाट द्यायचीच होती, मी सांडवा केला तोही एका टोकाला, अरुंद.

मग उघाड मिळाली तशी वरच्या कोपऱ्यात सब्बल घेऊन खणलं. साडेचार फुटांवर मुरूम लागला!! त्या खड्ड्यात तीन बादल्या ओतल्या, चहा होईपर्यंत तळ दिसायला लागला. इतका आनंद मला कलमं फुटली तेव्हाही झाला नव्हता. आता स्वेल मोडायची नाही, तिला अर्धा टक्का उतार द्यायचा, ४० मीटरला २० सेंमी, आणि शेवटी मुरमापर्यंतचा शोषखड्डा, दगड भरून, नाहीतर काळीचे काठ पहिल्याच पावसात आत ढासळतील.

ए-फ्रेम (समपातळी काढायची, मधे ओळंबा टांगलेली A आकाराची लाकडी चौकट) मी विकायला काढणार होते, वाऱ्यात ओळंबा थांबतच नाही, गवंड्यांची पारदर्शक नळीची लेव्हल लांब अंतराला कितीतरी सरस. पण लिहिता लिहिता सुचलं, माझ्या फ्रेमचे पाय २ मीटरवर आहेत, उताराच्या बाजूच्या पायाखाली १ सेंमीची चिप ठोकली की ओळंबा मधोमध आला म्हणजे अर्धा टक्का उतार आपोआप! पहाटे वारा नसताना करून बघते, फ्रेम राहू द्या.

बाकी थोडक्यात: सोयाबीनचं कुटार चार बोटं अंथरलं तिथे खाली गांडुळं दिसली, उघड्या जमिनीत एकही नाही. हिरवळीच्या खताचा बोरू छान उगवला, इतवारी बाजारातून सुटं बी आणलं होतं, पाकिटातल्या महागड्या बियांपेक्षा उगवण जास्त. तो ४५ दिवसांचा झाला की फुलोऱ्याआधी कापून संत्र्याखाली टाकणार.

पिवळ्या चार झाडांभोवतीची माती आजच मोकळी केली, कलमाचा डोळा उघडा ठेवलाय आणि साचलेलं पाणी फावड्याने चर काढून सोडलं. शोषखड्डा एकच पुरेल की मधे दुसरा द्यावा? काटोल-कळमेश्वरकडे कोणी मुरमापर्यंत खड्डा नेला असेल तर दगडांवर गाळ किती दिवसांत बसतो तेवढं सांगा, शनिवारी खुंट्या ठोकायच्या आहेत.