प्रोसेसर, फळी आणि तुडतुडे

गिटारसाठी मल्टी-इफेक्ट प्रोसेसर, म्हणजे गिटारचा आवाज हवा तसा बदलणारा डबा, घेतला की माणसाला वाटतं, सुटलो एकदाचे. आवाज खरखरीत करणारं डिस्टॉर्शन वेगळं नको, प्रतिध्वनी देणारा डिले वेगळा नको, आवाज भरीव करणारा कोरस वेगळा नको. सगळं एका डब्यात. बॉस कंपनीने १९७७ साली एकेका इफेक्टचे छोटे, रंगीबेरंगी पेडल बाजारात आणले. त्यातला डिस्टॉर्शनचा नारिंगी डीएस-१ हा १९७८ चा, आणि तो आजही जवळजवळ त्याच रूपात विकला जातो. असे पाच-सात पेडल रांगेने मांडायचे तर खाली फळी हवी, हे कोणालाही पटेल. पण डबाच एक असेल तर? आमच्या ढोलकीवाल्या काकांनी मला नेमकं हेच विचारलं: "एक तं डबा हाय गा तुया, त्याले पाट कायले पायजे? नवरदेव हाय का तो?"

प्रश्न रास्त आहे. पण डबा एकटा कधीच नसतो. त्याचा अडॅप्टर असतो. गिटारकडून येणारी वायर असते, मिक्सरकडे जाणारी असते. प्रोसेसरवरची बटणं अपुरी पडतात म्हणून दोन बटणांचा जास्तीचा फूटस्विच घेतलेला असतो, त्याची स्टिरिओ पिनची वायर निराळी. पायाने वर-खाली करून आवाज कमी-जास्त करायचं एक्स्प्रेशन पेडल असलं तर आणखी एक. लांब अंतरावर आवाज स्वच्छ जावा म्हणून डीआय बॉक्स. माझं मत असं की फळी लागते ती या सगळ्या तारांना एका जागी गप्प बसवायला. आवाजाशी तिचा संबंध नंतरचा.

आमच्याकडचं स्टेज ज्याने पाहिलंय त्याला हे फोड करून सांगावं लागत नाही. भंडारा-गोंदियात भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात. दिवसा दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं. रात्री नाटक नाहीतर ऑर्केस्ट्रा. झाडीपट्टीचा, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाचा, नाटकांचा हंगाम होळीपर्यंत चालतो, पुढे १४ एप्रिलचे भीमगीतांचे कार्यक्रम, मग लग्नसराई. स्टेज म्हणजे पाट्या ठोकलेला मांडव, वर सतरंजी, सतरंजीखाली तारा. आणि गाणं रंगात आलं की बक्षिसं सुरू होतात. कोणीतरी पन्नासाची नोट उंच धरून थेट स्टेजवर चढतो, निवेदक गाणं थांबवून त्याचं नाव पुकारतो, मग त्याच्या मेव्हण्यालाही चढावंसं वाटतं. यातल्या एकाचाही पाय कुठे पडेल याची हमी नसते. गिटारची वायर ओढली गेली तर 'खट्ट' होतं, तेवढ्यावर भागतं. अडॅप्टरची बारीक गोल पिन जरा हलली तर प्रोसेसर बंद पडतो, पुन्हा सुरू व्हायला काही सेकंद घेतो, आणि तेवढ्या सेकंदांत कडवं संपतं. सगळ्या मांडणीत सर्वांत ढिली पिन तीच. म्हणून फळीवर पहिली जागा तिची: सॉकेटपासून चार बोटांवर वायरला छोटा वेढा देऊन प्लास्टिकच्या टायने पक्कं आवळायचं. बाहेरून कितीही ओढ बसली तरी ती टायवर थांबते, पिनपर्यंत पोचत नाही.

फळी निवडताना लोक आधी बाजारात बघतात. अॅल्युमिनियमच्या, मधे फटी असलेल्या पट्ट्यांच्या तयार फळ्या मिळतात, हलक्या असतात, चांगल्याही असतात. पण आमच्या गावापासून नागपूर शंभरेक किलोमीटर आणि सुतार तीन घरं सोडून. सुतारदादांनी सागाचाच आग्रह धरला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचं कौतुक इकडे कोणालाच नव्याने सांगावं लागत नाही. "सागाची करतो, नातवाले पुरंल." नातवाला पुरेल हो, पण उचलायची मला आहे. ४५ बाय ३० सेंटिमीटरची, २ सेंटिमीटर जाडीची सागाची फळी पावणेदोन किलोच्या आसपास भरते. तीच ९ मिलिमीटर प्लायची केली तर पाऊण किलोत बसते, आणि सलग तुकड्याऐवजी मधे अंगठाभर फट ठेवून तीन पट्ट्या मारल्या तर आणखी हलकी. फटीचा खरा फायदा वजनाहून मोठा: वायर वरून खाली जाते, फळीच्या पोटातून फिरते आणि जिथे हवी तिथेच वर येते. मागची बाजू पाच-सहा सेंटिमीटर उचललेली हवी, म्हणजे मागच्या रांगेतलं बटण दाबताना पुढच्यावर टाच पडत नाही. सुतारदादा नाराज झाले, पण पट्ट्यांच्या कडा त्यांनी रंधा मारून अशा गोल केल्या की वायर घासायला जागाच उरली नाही. ते मी सांगितलं नव्हतं.

माप मात्र टेपने घेऊ नये. पुठ्ठा घ्यावा, त्यावर सगळा संसार मांडावा, पेन्सिलीने रेघा माराव्यात, आणि गिटार गळ्यात अडकवून उभ्याने दोन-चार गाणी वाजवून बघावीत. खाली बसून मांडलेली फळी फार देखणी दिसते. उभं राहिलं की कळतं, दोन बटणांच्या मधे पाऊल मावत नाही. पिनांची जागाही पुठ्ठ्यावरच धरावी. सरळ पिन बाजूला बोटभर बाहेर येते, एल आकाराची कमी येते. हा हिशेब राहिला की नव्या फळीला एका बाजूने खाच पाडावी लागते.

डबा फळीवर चिकटवायला वेल्क्रो. हे प्रकरण मला फार आवडतं. जॉर्ज द मेस्त्राल नावाचा एक स्विस इंजिनिअर १९४१ मध्ये रानातून फिरून आला, कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळं सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्यांच्या टोकांचे आकडे पाहून त्याला ही पट्टी सुचली. पेटंट मिळालं १९५५ मध्ये. आमच्या धुऱ्यावरून आलेल्या शेळीच्या अंगावर तसले काटे रोज असतात. आम्ही ते उपटून टाकतो. असो. मऊ बाजू फळीवर लावावी, आकड्यांची बाजू डब्याखाली. उलट केलं तर फळीवरच्या रिकाम्या जागेत धानाचा कोंडा, सतरंजीचे धागे, सगळं येऊन बसतं. डब्याचे रबरी पाय काढावे लागतात. ते एका डबीत जपून ठेवावेत, विकताना गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच विचारतं.

वेल्क्रोचा गोंद मात्र आपल्या उन्हाळ्याला ओळखत नाही. एप्रिलात पारा ४३-४४ वर, आणि सामान काचा बंद केलेल्या बोलेरोत. संध्याकाळी पिशवी उघडावी तर डबा पट्टीसकट दोन बोटं सरकलेला, मागे गोंदाचे लांब लांब तंतू, बोटाला लागले की निघता निघत नाहीत. रॉकेल लावलं की जातात, पण मग पिशवीला कार्यक्रम संपेपर्यंत स्टोव्हचा वास. त्यावर उपाय साधा: वेल्क्रो असू द्यावा, पण आकड्यांची पट्टी सोडून मऊ पट्टी फळीवर बारीक खिळ्यांनी ठोकून टाकावी, आणि डब्यावरून आडवे दोन टाय घ्यावेत. शोभा जाते. जाऊ द्यावी.

आता लाइन. खरी परीक्षा इथे होते. बहुतेक छोट्या प्रोसेसरना ९ व्होल्ट डीसी लागतो, पिनचा आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर सहसा १२ व्होल्टचा आणि बरोबर याच्या उलटा. पिन मात्र तीच बसते. आमच्यातल्या एका पोराने तो लावला होता. वास आला, एवढंच लिहितो. अडॅप्टरवर गोलातल्या ठिपक्याचं, अधिक-उणे दाखवणारं चित्र असतं ते आधी बघावं. अँपिअरचं तसं नाही: पाचशे मिलिअँपिअर मागणाऱ्या डब्याला दोन अँपिअरचा अडॅप्टर चालतो, डबा हवा तेवढाच ओढतो. कमी पडला की मात्र स्क्रीन लुकलुकते. आणि डबा छोटा म्हणजे भूक छोटी असंही नाही. लाइन ६ नावाच्या कंपनीचा एचएक्स स्टॉम्प हा प्रोसेसर ओंजळीत मावेल एवढा, पण त्याच्या अडॅप्टरवर ३ अँपिअर लिहिलेले असतात. पाच-सात पेडलना एकत्र वीज देणाऱ्या साध्या डब्याच्या एका भोकातून त्याचं पोट भरत नाही.

जड, आत जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर असलेले अडॅप्टर आमच्याकडे कामाचे नाहीत. रात्री रब्बीचे पंप सुरू झाले की गावातल्या टोकाच्या खांबावर व्होल्टेज १७० पर्यंत उतरतं, आणि मग ९ चे साडेसहा उरतात. हलका, स्विचिंगवाला अडॅप्टर घ्यावा, ज्याच्या पाठीवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. त्याला १७० काय आणि २३० काय, सारखंच. लाइन गेलीच तर पॉवरबँक: पाचाचे नऊ व्होल्ट करणारी वायर मिळते. १०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवरबँक म्हणजे सदतीस वॅट-तास, वाटेत गळती धरली तर अठ्ठावीसेक हाती येतात. अर्धा अँपिअर ओढणाऱ्या डब्याला साडेचार वॅट लागतात. सहा तास सहज निघतात. आमची मंडई तेवढ्यात उरकत नाही, पण जनरेटरवाला तोवर झोपेतून उठतो.

दोन पिनच्या स्विचिंग अडॅप्टरची एक खोड आहे. अर्थिंग नसलं की त्यातून अगदी सूक्ष्म गळती होते आणि गिटारच्या तारांना हात लावला की बोटांना मुंग्या येतात. बूट घालून उभं राहणाऱ्याला हे सहसा कळत नाही. भीमगीतांच्या स्टेजवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा असते, आम्ही सगळे अनवाणी असतो, त्यामुळे आम्हाला लगेच कळतं. गाणाऱ्याचा ओठ माइकला लागला की त्यालाही. जुने साउंडवाले स्टेजमागे लोखंडी सळई ठोकतात, तिला अर्थिंगची तार बांधतात आणि बादलीभर पाणी ओततात. घों घों आवाज घालवायला थ्री पिनची मोठी पिन तोडणारे महाभागही आहेत. त्यांच्या शेजारी मी उभा राहत नाही. घों घों घालवायचं काम डीआय बॉक्सचं. त्यावर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे सिग्नलच्या वायरचा अर्थिंगशी जोड तोडणारं, छोटं बटण असतं, शिवाय तो गिटारचा सिग्नल बॅलन्स्ड, म्हणजे वाटेतली घरघर न पकडणारा, करून माइकच्या वायरने पाठवतो, मग मिक्सर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी फरक पडत नाही. आमच्या स्टेजवर गिटारचा अॅम्प नसतोच, सगळं थेट मिक्सरमध्ये. तेव्हा प्रोसेसरमधलं कॅबिनेटचं सिम्युलेशन, म्हणजे अॅम्पच्या स्पीकरची नक्कल, चालू ठेवणं आलंच, नाहीतर डिस्टॉर्शन पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाजतं.

पायाचं गणित मी तीन आवाजांवर आणलंय: कोरस लावलेला स्वच्छ, थोडा चढवलेला, आणि सोलोसाठी डिलेसकट तिसरा, जो इतरांपेक्षा तीनेक डेसिबल वर. त्या डब्यात आवाज शेकड्याने आहेत, पण अनवाण्या पायाला एका रात्रीत एवढेच आठवतात. बटणं पायाच्या बोटांनी चाचपूनच दाबावी लागतात, कारण स्क्रीन दिसत नाही. धान कापणीच्या दिवसांत दिव्याभोवती तुडतुड्यांचा, म्हणजे धानावरच्या बारीक किड्यांचा, पाऊस पडतो. पायाजवळ उजेड असलेली एकच वस्तू म्हणजे प्रोसेसरची निळी पट्टी. दोन गाण्यांत ती हिरवट-तपकिरी होते. पुसलं की चिकट रेघ उठते आणि तिच्यावर लगेच नवे येऊन बसतात. स्क्रीनचा उजेड अगदी कमी केला तर थोडी सुटका. पाठीमागच्या भोकांना, जिथे काही लावलेलं नाही, तिथे चिकटपट्टी.

एक्स्प्रेशन पेडलचं अजून ठरत नाही. फळीचा तिसरा हिस्सा तोच खातो आणि कार्यक्रमात उपयोग होतो एखाददुसऱ्या गाण्यात, स्वर हळूहळू चढवायला. मंडईच्या हंगामात तो घरी राहतो, लग्नसराईत सोबत येतो, कारण लग्नात बक्षीसवाले स्टेजवर चढत नाहीत, चढलेच तर नाचतात.

परवा साउंडवाल्याने माझ्याकडून फक्त एक प्लग आणि एक माइकची वायर घेतली, बाकी काही आहे का म्हणून फळीभोवती एक चक्कर मारली, आणि खूश होऊन म्हणाला, "दादा, कीबोर्डवाल्या भाऊलेबी असंच कराले सांगजा ना." मी अजून सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे तीन कीबोर्ड आहेत, आणि सध्या आमचं बरं चाललंय.