दोन बटणांच्या घड्याळांचा नाद

हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याची रोलेक्स डेटोना 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरला गेली आणि तेव्हापासून जुन्या क्रोनोग्राफचं नाव काढलं की लोक पहिले भावच विचारतात. अरे राजे हो, पहिले बटण तर दाबून बघा!

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो, स्टॉपवॉच पोटात घेऊन फिरणारं मनगटी घड्याळ म्हणजे क्रोनोग्राफ. चावीच्या वर एक बटण, खाली एक. वरच्यानं मोठा सेकंद काटा सुटतो नि थांबतो, खालच्यानं तो झटकन शून्यावर येतो. सेलवाल्या घड्याळातही हे सगळं होतं, पण तिथे बोटाला काहीच कळत नाही. चावीच्या जुन्या मशीनमध्ये बटण थोडं दबतं, मग किंचित अडतं आणि मग कट्ट करून सुटतं, आतल्या खांब-खांबाच्या चाकाचा एक दात पुढे सरकलेला असतो, त्याला कॉलम व्हील म्हणतात. स्वस्त मशीनमध्ये त्याच्या जागी कॅम म्हणजे वाकड्यातिकड्या कडेची चपटी चकती असते, तिथे अंगठ्याला जरा जास्त जोर लावावा लागतो. मला दोन्ही आवडतात, पण डोळे मिटून दाबलं तरी कुठलं कोणतं ते सांगता येतं. जुन्या स्विस मशीनमध्ये बाजूनं येऊन दाते एकमेकांत बसतात, म्हणून काटा सुटताना कधी कधी हलकीशी उडी मारतो, भिंगातून बघाल तर मजा येते. ज्याला ही उडी खटकते त्यानं आपली स्मार्टवॉच घालावी, काही भांडण नाही.

आणि डायलच्या कडेनं जे आकडे असतात ना, ते शोभेचे नाहीत हो. समृद्धीवर गाडी दुसऱ्याच्या हातात असली की माझा उद्योग ठरलेला, एका किलोमीटरच्या खुणेला बटण दाबायचं, पुढच्या खुणेला थांबवायचं, काटा टॅकीमीटर नावाच्या त्या पट्टीवर जिथे उभा राहिला तो ताशी वेग. 30 सेकंद लागले तर 120, 36 लागले तर 100. गाडीचा स्पीडोमीटर जरा फुगवूनच सांगतो हे मला असंच कळलं, मित्राला सांगितलं तर तो म्हणे तू गप बस. काही डायलवर टेलिमीटर असतो, त्याचं काम आपल्याकडे जूनमध्ये. खिडकीशी बसायचं, वीज चमकली की बटण दाबायचं, गडगडाट आला की थांबवायचं, वीज किती किलोमीटरवर होती तो आकडा समोर. आवाजाला किलोमीटरभर यायला साधारण 3 सेकंद लागतात, तोच हिशोब डायलवर छापलेला. तिकडून आई ओरडते, "खिडकीतून उठ नं बाप्पा, इजा कडकून रायल्या!" डॉक्टर लोकांसाठी नाडी मोजायची पट्टी असलेले पण येतात, पण त्यांचे भाव ऐकूनच नाडी वाढते.

माझा जीव मात्र जपानी सेको कंपनीच्या 6139 मशीनवर. 1969 साली पहिला ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारा, क्रोनोग्राफ कोणाचा याची शर्यत लागली होती, झेनिथनं जानेवारीत एल प्रिमेरो जाहीर केलं, मार्चमध्ये हॉयर-ब्राइटलिंगवाल्या गटानं आपलं मशीन दाखवलं आणि सेकोनं फारसा गाजावाजा न करता त्याच वर्षी 6139 बाजारात आणलं. कॉलम व्हील आहे, शिवाय काट्याला मशीनशी जोडणारा क्लच उभा, दाते बाजूनं येऊन बसत नाहीत, म्हणून काटा उडी न मारता निघतो. ओमेगाच्या स्पीडमास्टरला नासानं 1965 मध्ये अंतराळासाठी पास केलं ते सगळ्यांना तोंडपाठ, पण 1973 मध्ये स्कायलॅब या अमेरिकन अंतराळस्थानकावर विल्यम पोग हा अंतराळवीर स्वतःच्या पैशानं घेतलेलं पिवळ्या डायलचं 6139 कोणाला न विचारता घेऊन गेला होता. हा माणूस मला जास्त जवळचा वाटतो, का ते सांगायला नको.

आता घ्यायची गोष्ट. सगळा पैसा डायलमध्ये आहे, मशीन दुरुस्त होतं, डायल होत नाही. आपल्या देशात जुन्या डायल खरवडून नव्यानं रंगवायचा धंदा एवढा चालला की बाहेरचे लोक अशा घड्याळांना मुंबई स्पेशल म्हणतात. भिंग लावा, बारीक अक्षरांची कड फाटलेली दिसली, छोट्या डायलच्या रेघा काट्याशी जुळत नसल्या की समजायचं. रेडियम पण बघा (ट्रिटियम असलं तरी आपल्याकडे रेडियमच), ट्रिटियमचा जोर साधारण 12 वर्षांत अर्ध्यावर येतो, त्यामुळे साठ सालातलं घड्याळ आज अंधारात लख्ख चमकत असेल तर ते कोणीतरी काल भरलेलं आहे. सेकोच्या मागच्या झाकणावरच्या नंबरचा पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा, तो डायलच्या काळाशी जुळतो का पाहायचं. आणि लँडेरॉन 48 मशीनचं घड्याळ हातात आलं तर वरचं बटण दुसऱ्यांदा दाबून काटा थांबत नाही म्हणून परत देऊ नका, त्यात वरचं फक्त सुरू करायला, थांबवायचं नि शून्यावर आणायचं दोन्ही खालच्यानं. एका दुकानदारानं असंच एक "खराब आहे भाऊ" म्हणून स्वस्तात दिलं, मी काही बोललो नाही.

सर्व्हिसिंग मात्र टाळू नका. नागपूरच्या उन्हात पडून राहिलेल्या घड्याळातलं जुनं तेल सुकून चिकट झालेलं असतं, तसंच चालवलं तर आतले टोकदार दांडे झिजतात. इतवारीतले एक काका माझं काम करतात, डोळ्याला भिंग, तोंडात खर्रा. दरवेळी तेच विचारतात, "भाऊ, पॉलिश मारून देऊ का, एकदम नवी दिसन." मी म्हणतो, "काका, केसला (बाहेरच्या धातूच्या डबीला) हात लावू नका, फक्त ऑइलिंग." मग ते समोरच्या गिऱ्हाइकाला ऐकवतात, "पोट्ट्याले पुरानी घडी पायजे, तेबी पुरानीच दिसली पायजे!" पॉलिश मारलं की केसच्या धारा गोल होतात, त्या परत येत नाहीत, हे त्यांना पटत नाही आणि पटवायला मी जात नाही.

सध्या सिटिझनच्या 8110 वर डोळा आहे, चावी नि दोन्ही बटणं डोक्यावर असतात ते, काटा पळत असतानाच शून्यावर आणायचं बटण दाबलं तर शून्यावरून पुन्हा पळायला लागतो. विकणारा म्हणतो डायल शंभर टक्के ओरिजिनल. मी म्हटलं, उन्हात धरून एक फोटो पाठव. तेव्हापासून भाऊ ऑनलाइन दिसतो, फोटो काही येत नाही.